‘चाइल्डिश’ला मराठीत काय म्हणायचे?

हैदराबादच्या जुन्या मराठी घरांच्या बोलण्यात एक इंग्रजी शब्द हळूहळू शिरताना मी गेली पस्तीस वर्षे दवाखान्यात बसून ऐकते आहे. तो शब्द म्हणजे ‘इममॅच्युअर’. पूर्वी सासूबाई सुनेला घेऊन येत आणि सांगत, ‘डॉक्टरीणबाई, पोर अजून अल्लड आहे हो, जेवणाखाणाकडे लक्षच नाही.’ आता त्याच घरातल्या पुढच्या पिढीच्या सासूबाई सांगतात, ‘ती फार इममॅच्युअर आहे.’ नवरा बायकोबद्दल हेच सांगतो, बायको नवऱ्याबद्दल. दहावीतली नात धाकट्या भावाला ‘डोन्ट बी चाइल्डिश’ म्हणून दटावते. आणि अलीकडे तर पन्नाशीचा मुलगा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या वडिलांना शेजारी बसवून त्यांच्यादेखत सांगतो, ‘डॉक्टर, बाबा अगदी चाइल्डिश वागायला लागलेत.’

भाषेत परके शब्द आले म्हणून गळा काढणाऱ्यांपैकी मी नाही. आपण हैदराबादची माणसे, आपली निम्मी भाषा उर्दूच्या आणि तेलुगूच्या ओसरीवर वाढली. पण ‘अल्लड’ जाऊन ‘इममॅच्युअर’ आला तेव्हा नुसता शब्द बदलला नाही. अल्लड म्हणताना बोलणाऱ्याच्या आवाजात ‘होईल हळूहळू शहाणी’ असा एक दिलासा असे. इममॅच्युअर हा शब्द निकाल दिल्यासारखा येतो. तो लागला की समोरच्या माणसाचे पुढचे बोलणे ऐकून घ्यायची गरज उरत नाही.

भाषाशास्त्र हा माझा विषय नव्हे. तरी होमिओपॅथीच्या माणसाचे अर्धे काम शब्दांचेच असते. हानेमानने ‘ऑर्गेनॉन’मध्ये वैद्याला बजावले आहे की रुग्णाने आणि घरच्यांनी जे सांगितले ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. पुढे अमेरिकेत केंटने 1897 साली आपली रेपर्टरी छापायला सुरुवात केली. तिच्या मनाच्या प्रकरणात ‘चाइल्डिश बिहेवियर’ असे एक कलम आहे. विद्यार्थिदशेत ते आम्ही इतर कलमांसारखेच पाठ केले. दवाखान्यात बसल्यावर मात्र अडचण कळली. समोरची माणसे मराठीत बोलतात, ‘पोरकट’, ‘बालिश’, ‘लाडावलेला’, ‘हट्टी’, ‘भाबडा’, ‘पोच नसलेला’ असे सहा शब्द वापरतात, आणि पुस्तकात कलम एकच. यातला कोणता शब्द त्या कलमात बसतो आणि कोणता नाही, हे शोधता शोधता मी इंग्रजी शब्दांच्या मुळाशी गेले. औषधांचा विषय इथे आणत नाही, शब्दांपुरतेच बोलते.

इंग्रजीत या वागण्याला शब्द भरपूर आहेत. त्यातला सर्वांत खालच्या वयाचा म्हणजे ‘इन्फन्टाइल’. लॅटिनमध्ये ‘इन्फान्स’ म्हणजे ज्याला अजून बोलता येत नाही तो. म्हणजे तान्हे मूल. पुढे अर्थ सैल होत गेला आणि ‘इन्फन्ट’मध्ये थोडी मोठी मुलेही आली. इतकी, की इटालियनमध्ये सरदाराच्या मागून पायी चालणाऱ्या तरुण शिपायाला ‘इन्फान्ते’ म्हणू लागले, आणि त्यावरून पायदळाला ‘इन्फन्ट्री’ हे नाव पडले. तान्हे बाळ आणि पायदळ एकाच मुळातून निघाले, याची सिकंदराबादच्या छावणीत राहणाऱ्यांना मौज वाटेल. पोलिओला जुन्या वैद्यकाच्या पुस्तकांत ‘इन्फन्टाइल पॅरालिसिस’ म्हणत. तिथे या शब्दात हिणवणे नव्हते, फक्त वय होते. माणसाच्या वागण्याला तोच शब्द लावला की मात्र तो फार टोचतो, कारण ‘तुला अजून बोलायलाही येत नाही’ असे त्यात दडलेले असते.

‘प्युराइल’ त्याच्या वरच्या वयाचा. लॅटिनमध्ये ‘पुएर’ म्हणजे पोर, मुलगा. विद्वान मंडळी एखाद्याच्या विनोदाला किंवा युक्तिवादाला प्युराइल म्हणतात. आपण ‘हा काय पोरखेळ’ म्हणतो तसा. पण याच ‘पुएर’पासून वैद्यकातला एक गंभीर शब्द झाला आहे, ‘प्युएरपरल फीवर’, म्हणजे बाळंतिणीला येणारा ताप. 1847 साली व्हिएन्नाच्या रुग्णालयात सेमेलवाइसने डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि त्या तापाने मरणाऱ्या बायकांची संख्या एकदम उतरली, ती हकिगत आपण ऐकली असेल. लॅटिनने पोरावरून बाळंतिणीला नाव दिले, मराठीनेही नेमके तेच केले. बाळावरून बाळंतीण, बाळंतपण, बाळंतरोग. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता आईचे नाव मुलावरून ठेवले.

‘जुव्हेनाइल’ हा शब्द मात्र फसवा आहे. त्याचे लॅटिन मूळ ‘युवेनिस’ हे आपल्या संस्कृत ‘युवन्’चे सख्खे भावंड. रोमन लोक हा शब्द चाळिशीच्या आसपासच्या माणसालाही लावत. म्हणजे त्या काळी तो कर्त्या पुरुषाचा शब्द होता. इंग्रजीत येऊन तो शाळकरी मुलावर उतरला, आणि आज वर्तमानपत्रात गुन्ह्याच्या बातमीशिवाय फारसा भेटत नाही. ‘ॲडोलेसन्ट’ आणि ‘ॲडल्ट’ ही जोडी याहून सरळ आहे. दोन्ही एकाच क्रियापदाची रूपे, पहिला वाढत असलेला, दुसरा वाढून झालेला. ‘कॅलो’ हा इंग्रजीचा घरचा जुना शब्द, मूळ अर्थ टकला. तिथून पिसे न फुटलेल्या पिलाला लागला, आणि पिलावरून जगाचा अनुभव नसलेल्या पोराला. आपण त्याच वयाला ‘मिसरूड फुटलेले नाही’ म्हणतो. तिथे पिसे, इथे मिशी. अमेरिकेत कॉलेजच्या दुसऱ्या वर्षातल्या मुलावरून ‘सॉफमॉरिक’ असा शब्द झाला आहे. त्यात ग्रीकमधले ‘शहाणा’ आणि ‘मूर्ख’ हे दोन्ही शब्द मिसळलेले ऐकू येतात. त्याला मराठीत तयार शब्द आहे, दीडशहाणा. त्यावर अधिक बोलायला नको, कॉलेजात जाणारी नातवंडे असलेल्या सर्वांना तो नीट समजला असेल.

आता मूळ प्रश्न, ‘चाइल्डिश’. इंग्रज शिक्षक मुलांना एक भेद आवर्जून शिकवतात. ‘चाइल्डलाइक’ म्हणजे मुलासारखा निर्मळ, आणि ‘चाइल्डिश’ म्हणजे मोठा होऊन मुलासारखा वागणारा. दोन्ही शब्दांत मूल तेच आहे, फरक शेपटाचा आहे. ‘इश’ हे शेपूट पूर्वी इतके वाईट नव्हते. चाइल्डिश म्हणजे नुसते ‘मुलाचे, मुलाला साजेसे’ असा साधा अर्थ जुन्या इंग्रजीत होता. पुढे ‘इश’मध्ये एक ‘धड ते नाही, पण तसल्यासारखे’ अशी छटा आली. हिरवे नव्हे, पण हिरवट, तसे.

हे हिरवट मी मुद्दाम म्हटले. कारण मराठीत अगदी असेच एक शेपूट आहे आणि ते आपण रोज वापरतो. तेलकट, मळकट, धुरकट, कळकट, बुळकट, पोरकट. ज्या शब्दाला ‘कट’ लागले त्याला थोडा डाग पडला. तेल चांगले, तेलकट वाईट. धूर स्वयंपाकघरात असायचाच, पण धुरकट भिंत कोणाला नको असते. पोर लाडके, पोरकट मात्र नावडते. म्हणजे ‘पोरकट’ हा ‘चाइल्डिश’चा केवळ अर्थाने नव्हे, तर घडणीनेही जुळा आहे. आणि चाइल्डलाइकसाठी आपण उगाच ‘बालसदृश’ वगैरे बोजड शब्द शोधतो, तर आजीच्या तोंडी ‘पोरसवदा’ हा शब्द होता. ‘नवरा मुलगा जरा पोरसवदा दिसतो’ म्हणजे कोवळा दिसतो. त्यात दोष नाही, थोडे कौतुकच आहे. वागण्यातल्या निर्मळपणाला ‘निरागस’ आहे, भोळेपणाला ‘भाबडा’. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीच्या बेफिकिरीला ‘अल्लड’. हे सगळे शब्द घरात असताना एका ‘इममॅच्युअर’वर सर्वांचे काम चालवायचे म्हणजे सहा निरनिराळ्या मापांचे डबे टाकून एकाच बादलीत सगळे धान्य ओतण्यासारखे आहे.

‘पोर’ शब्दाची हैदराबादेतली एक शाखा सांगायची राहिली तर आपल्या गावावर अन्याय होईल. इथल्या दखनीत मुलाला ‘पोट्टा’, मुलीला ‘पोट्टी’ आणि सगळ्या घोळक्याला ‘पोट्टे’ म्हणतात. वऱ्हाड-नागपूरकडच्या मराठीतही हेच शब्द आहेत. दखनीने मराठीकडून ‘नको’ घेतला आणि त्याचा ‘नक्को’ केला, जोर द्यायला ‘च’ घेतला, तसाच हा पोट्टाही घेतला असणार असे मला वाटते. चारमिनारच्या बाजूचा रिक्षावाला ‘पोट्टों की बाताँ’ म्हणतो तेव्हा तो आपल्याच ‘पोरांच्या गोष्टी’ आपल्याला परत देत असतो. तेलुगूत लहान मुलाला ‘पिल्ल’ आणि पोरकट वागण्याला ‘पिल्ल चेष्टलु’ म्हणतात. आपल्याकडे ‘पिल्लू’ जनावराचे, त्यांच्याकडे माणसाचे. निरागसपणाला त्यांचा ‘पसितनम्’ हा शब्द फार सुंदर आहे. म्हणजे तेलुगूनेही दोन खण वेगळे ठेवले आहेत.

‘बालिश’ हा संस्कृतातून आलेला आहे आणि त्याची गोष्ट निराळी आहे. संस्कृतात ‘बाल’ म्हणजे मूल आणि ‘बाल’ म्हणजे अज्ञानी, असे दोन अर्थ शेजारी शेजारी नांदतात. ‘बालिश’ म्हणजे पोरकट, आणि सरळ ‘मूर्ख’सुद्धा. माझ्या घरात, म्हणजे मराठवाड्यातल्या सैतवाळ जैन घरात, हा दुसरा अर्थ मी लहानपणापासून ऐकला. जैन शास्त्रात ‘बाल’च्या समोर ‘वृद्ध’ किंवा ‘प्रौढ’ येत नाही, ‘पंडित’ येतो. शिवार्यांच्या ‘भगवती आराधना’ या प्राकृत ग्रंथात मरणाचे प्रकार सांगितले आहेत, त्यात ‘बालमरण’ आणि ‘पंडितमरण’ असे शब्द आहेत. ‘बालमरण’ म्हणजे लहानपणी आलेला मृत्यू नव्हे. नव्वदाव्या वर्षीही ते येऊ शकते, कारण तिथे बाल म्हणजे संयम नसलेला. आणि या दोहोंच्या मध्ये एक तिसरा आहे, ‘बालपंडित’. काही व्रते घेतलेला, काही न झेपलेला, संसारातला गृहस्थ. त्याला शास्त्राने ना मूर्ख म्हटले ना ज्ञानी. अर्धा बाल, अर्धा पंडित. हा शब्द मला फार आवडतो, आणि माझ्याकडे येणारे बहुतेक रुग्ण, त्यांचे नातेवाईक आणि त्यांची डॉक्टर, सगळी त्याच वर्गातली असतात.

‘बालतप’ हा असाच एक शब्द. तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात तो आहे. कष्ट प्रचंड, धैर्य मोठे, पण समज नाही, असे तप. पार्श्वनाथांच्या चरित्रातला पंचाग्नी पेटवून बसलेला तापस त्याचे उदाहरण म्हणून सांगतात. चारी बाजूंना धुनी, डोक्यावर सूर्य, आणि पेटत्या लाकडाच्या आत नागाची जोडी जळते आहे याचा त्याला पत्ता नाही. ते त्याला दाखवून देणारे पार्श्व वयाने कोवळे राजकुमार होते. म्हणजे या कथेत ‘बाल’ म्हणवला गेला तो जटाधारी, आणि समज दाखवली ती पोरसवदा मुलाने. वय आणि समज या दोन गोष्टींची गाठ या परंपरेने किती ठामपणे सोडवली, ते यावरून दिसते. इंग्रजीच्या ‘मॅच्युअर’मध्ये ही गाठ सुटत नाही. त्याचे मूळ ‘पिकणे’. फळ दिवस भरले की आपोआप पिकते, तसा माणूसही वयाने पिकला पाहिजे, आणि नाही पिकला तर त्यात काही खोट आहे, असे तो शब्द गृहीत धरतो.

मराठीतही पिकण्याची उपमा आहेच. परिपक्व आहे, ‘पोक्त’ आहे. पोक्त हा फारसी ‘पुख्ता’चा मराठी अवतार, आणि पुख्ता म्हणजे शिजलेला, पिकलेला. पण त्याच्या बरोबरीने एक वेगळी उपमाही आपल्याकडे आहे, ती पोहोचण्याची. ‘त्याला पोच नाही’ असे आपण म्हणतो, म्हणजे तो अजून तिथवर पोहोचलेला नाही. आणि गंमत अशी, की अरबीतल्या ‘बालिग’ या शब्दाचा अर्थही ‘पोहोचलेला’ हाच. निजामाच्या राज्यातले कागद उर्दूत असत आणि त्यात अठराच्या आतला वारस ‘नाबालिग’ असे. 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला, कागद मराठीत आले. तेव्हा नाबालिगचा झाला ‘अज्ञान’. ज्यांची गावाकडे अजून थोडी जमीन आहे त्यांनी सातबारा काढून पाहावा. लहान वारसाच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ अशी तीन अक्षरे सापडतील, म्हणजे अज्ञान पालन कर्ता. अठरा पूर्ण झाले की तो ‘सज्ञान’. तलाठ्याच्या दप्तरात बसलेला हा शब्द जैन ग्रंथातल्या ‘बाल’च्या किती जवळ आहे. मूल म्हणजे अज्ञान. फरक इतकाच, की तलाठी वाढदिवसाच्या दिवशी सर्वांना एका सरीने ज्ञानी करून टाकतो.

कायद्याने मात्र एका ठिकाणी वयाच्या पलीकडे पाहिले आहे. 1860 च्या भारतीय दंडसंहितेत कलम 82 प्रमाणे सात वर्षांखालच्या मुलाचे कृत्य गुन्हाच नव्हते. सात ते बारा या वयासाठी कलम 83 होते. मुलाची समज त्या कृत्याचा अर्थ आणि परिणाम कळण्याइतकी पक्व झाली होती का, हे तिथे पाहायचे. आता भारतीय न्याय संहितेत हीच तरतूद 20 आणि 21 या कलमांत आहे. माझे लक्ष गेले ते एका गोष्टीकडे. ‘समज अपक्व आहे’ हे ठरवायला कायदा न्यायाधीश बसवतो, त्या एका मुलाचे, त्या एका कृत्याबद्दलचे पाहायला लावतो, आणि ते ठरले की मुलाला शिक्षेतून सोडतो. आपण घरात ‘इममॅच्युअर’ म्हणतो ते नेमके उलट कामासाठी, शिक्षा म्हणून.

इथे बोबड्या बोलांकडे थोडे वळते, कारण ‘बेबिश’ हा शब्द त्यांच्याशिवाय समजत नाही. मंमं, भूभू, माऊ, काऊ, चिऊ, हम्मा, भुर्र, जोजो. हे शब्द मुलांनी बनवले असा आपला समज असतो. तसे नाही. अशोक केळकर यांनी 1964 साली ‘वर्ड’ या नियतकालिकात मराठीतल्या या बाळबोलीवर निबंध लिहिला. त्याच वर्षी अमेरिकेत चार्ल्स फर्ग्युसन यांनी सहा भाषांतल्या बाळबोलीची तुलना केली, त्या सहांत एक मराठी होती. फर्ग्युसन यांचे म्हणणे असे, की बाळबोली ही मोठ्यांचीच एक ठरलेली बोली असते, मोठी माणसे ती पिढ्यान्‌पिढ्या मुलांना देत आलेली असतात. मूल ती आपल्याकडून शिकते, आणि मग आपणच एक दिवस त्याला म्हणतो, ‘आता मोठा झालास, बोबडे बोलू नकोस.’ हैदराबादच्या घरांत तर आजी मंमं म्हणते आणि सांभाळायला येणारी बाई त्याच भाताला ‘बुव्व’ म्हणते. ‘जोजो’ला मात्र दोघींत वाद नाही, तो तेलुगूतही जोजोच आहे. पाठचे भावंड झाल्यावर चार वर्षांचे मूल पुन्हा बोबडे बोलू लागते, अंथरूण ओले करते, बाटली मागते. आईबाप घाबरून घेऊन येतात, ‘एवढा मोठा होऊन बेबिश वागतो.’ त्याला रागावण्यात काही अर्थ नसतो. ज्या भाषेत आजपर्यंत मांडी मिळाली ती भाषा तो पुन्हा वापरून पाहत असतो. आठवड्या-महिन्यात, मांडीत जागा आहे अशी खात्री पटली, की आपोआप सोडतो.

सर्वांत नाजूक जागा पुढे आहे. काही माणसांचे वय वाढते आणि समज एका टप्प्यावर मंदावते. त्यांच्यासाठी वैद्यकाने जे शब्द बनवले त्यांचा इतिहास वाचवत नाही. ‘इडियट’, ‘इम्बेसाइल’ हे एके काळी निदानाचे शब्द होते. ‘मोरॉन’ हा तर गोडार्डने 1910 साली ग्रीकवरून मुद्दाम घडवला. आपल्याकडे 1912 च्या वेडांविषयीच्या कायद्यात ‘इडियट’ होता. 1995 च्या कायद्यात ‘मेंटल रिटार्डेशन’ होते, 2016 च्या कायद्यात त्याजागी बौद्धिक दिव्यांगता आली. या क्षेत्रातली देशाची मोठी संस्था आपल्याच गावी, सिकंदराबादच्या मनोविकास नगरात 1984 साली सुरू झाली, आणि तिच्याही नावातले जुने शब्द पुढे बदलले. प्रत्येक वेळी शास्त्राने नवा शब्द आणला, लोकांनी त्याची शिवी केली, आणि शास्त्राला पुन्हा नवा शोधावा लागला.

शास्त्राने आणलेला आणखी एक शब्दप्रयोग ‘मेंटल एज’, मानसिक वय. चाचणीपुरता तो ठीक आहे. पण माझ्या ओळखीच्या एका घरात चौतीस वर्षांच्या मुलाबद्दल ‘याचे वय पाच’ असे कोणी तरी सांगितले, ते घराने शब्दशः धरले. त्याला चित्रांचे शर्ट, त्याच्याशी बोबडे बोलणे, पाहुणे आले की ‘टाटा कर’. तो मात्र रोज वडिलांची दाढी होताना आरशाजवळ उभा राहून पाहत असे. शेवटी त्याच्या आत्याने त्याला दाढीचा ब्रश हातात दिला. पाच वर्षांच्या मुलाला दाढी येत नसते, हे तिला कोणत्याही चाचणीशिवाय कळले. चौतीस वर्षांचे शरीर, चौतीस वर्षांच्या आठवणी, चौतीस वर्षांचा मान-अपमान त्याच्याजवळ आहे. हिशेब पाचाचा करता येईल, माणूस पाचाचा होत नाही.

या बाबतीत आपल्या गल्लीतल्या मुलांकडे मोठ्यांपेक्षा चांगला शब्द होता. लपंडावात, लगोरीत धाकटे भावंड हट्टाने आले की त्याला ‘कच्चं लिंबू’ म्हणून घेत. तो खेळणार, धावणार, ओरडणार, पण बाद धरायचा नाही. ‘इममॅच्युअर’ आणि ‘कच्चा’ यांचा शब्दार्थ एकच. पण इममॅच्युअर माणसाला खेळाबाहेर काढतो, आणि कच्चं लिंबू म्हणून त्याला खेळात घेतात. जयवंत दळवींच्या ‘ऋणानुबंध’ कादंबरीवरून 2017 साली प्रसाद ओक यांनी चित्रपट केला, शरीराने मोठ्या झालेल्या अशाच एका मुलाच्या आईबापांचा, आणि त्याला नाव दिले ‘कच्चा लिंबू’. नाव ठेवणाऱ्याने मराठी अंगणातून बरोबर शब्द उचलला.

आणि आता ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे बाबा. ‘म्हातारपण म्हणजे दुसरे बालपण’ असे आपण सहज म्हणतो. इंग्रजीत शेक्सपिअरने माणसाच्या सात अवस्था सांगितल्या, त्यातही शेवटची तीच. तुकोबांचा लहानपण मागणारा अभंगही लोक इथे जोडतात. पण त्यातले लहानपण म्हणजे लीनता, धाकुटेपण, बालपण नव्हे. ही म्हण प्रेमाने वापरली जाते, हे खरे. मला तिची भीती वाटते ती वेगळ्या कारणाने.

मागे एका घरातून आजोबांना आणले. निवृत्त माणूस, हिशेबाला पक्का, रोज पेपर वाचणारा. दोन दिवसांपासून विनाकारण हसत होते, सदरा काढून फेकत होते, वारलेल्या आईला हाका मारत होते. घरचे हसत हसत सांगत होते, ‘आजोबा लहान झाले.’ मी विचारले, कधीपासून? ‘परवापासून.’ माणूस हळूहळू म्हातारा होतो, परवापासून होत नाही. मी त्यांना औषध दिले नाही, त्याच दुपारी इस्पितळात धाडले. रक्तातला सोडियम फार उतरला होता. पाच-सहा दिवसांत आजोबा घरी आले आणि इस्पितळाच्या बिलातली बेरीज तपासू लागले. लघवीचा जंतुसंसर्ग, सोडियम उतरणे, पडल्यावर डोक्यात हळूहळू साचणारे रक्त, नवी सुरू केलेली गोळी, यातले काहीही वृद्ध माणसाला दोन दिवसांत ‘पोरकट’ करू शकते, आणि त्यातले बरेचसे वेळेवर कळले तर सुधारते. ‘दुसरे बालपण’ हा शब्द घरात तयार असला की कोणी तपासायला नेत नाही.

महिनोन्‌महिने हळूहळू होणारा बदल निराळा. मेंदूच्या पुढच्या भागाच्या काही आजारांत स्मरण शाबूत असते, पण माणूस वेळी-अवेळी थट्टा करू लागतो, गोडाच्या मागे लागतो, परक्याच्या ताटातले उचलतो, कोणाच्या दुःखाने हलत नाही. जर्मन डॉक्टरांनी त्या सततच्या फुटकळ विनोदाला स्वतंत्र नाव दिले आहे, ‘विट्झेलझुख्ट’, म्हणजे विनोदाचे व्यसन. मानसोपचारातला ‘हेबेफ्रेनिया’ हा जुना शब्दही हेबे या ग्रीक तारुण्यदेवतेवरून पडला, कारण त्या आजारातले हसणे-वागणे पोरकट दिसे. दिसे, एवढेच. मूल गोड मागते तेव्हा ते थांबायला शिकत असते. या आजारात थांबवणारी यंत्रणाच झिजत असते. दोघांची उलाढाल वरून सारखी, आतून उलट्या दिशेची.

म्हणून घरच्यांना मी विनंती करते, की ‘चाइल्डिश वागतात’ असे सांगू नका, काय करतात ते मराठीत सांगा. ‘एकाच गोष्टीचा हट्ट धरतात’, ‘रुसून जेवत नाहीत’, ‘पाहुण्यांसमोर नको ते बोलतात’, ‘मी दिसले नाही की रडतात’. या चार वाक्यांत चार वेगळे आजार असू शकतात, आणि एखाद्यात आजार मुळीच नसतो. रुसून न जेवणाऱ्या एका आजींची गोष्ट शेवटी एवढीच निघाली, की नव्या कवळीने हिरडी सोलली होती आणि ते सुनेला सांगायचा त्यांना संकोच होता. ‘आई फार चाइल्डिश झाल्यात’ असे दोन महिने घरात चालले होते. मी तोंड उघडायला सांगितले, टॉर्च मारला, आणि त्यांना कोपऱ्यावरच्या दंतवैद्याकडे पाठवले.